गेणूचं धनुष्य आणि ओढ्यावरचं नाकं

ओढ्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. मधे गुडघाभर पाणी. अलीकडच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात गेणू नावाचा एक भोळा राहत होता. कुणी काही सांगितलं की गेणू ते लक्ष देऊन ऐकायचा आणि तस्संच करायचा. सगळी पंचाईत तिथंच होती.

गेणूची थोरली बहीण बायजा पलीकडच्या राज्यात दिलेली. यंदा तिच्या मक्यात रानडुक्कर शिरलं होतं. रोज दोन वाफे आडवे करायचं. शेतात आता अर्धाच मका उभा होता आणि तोही गेला तर वर्षभर पोरांना काय घालायचं, या काळजीनं बायजाला घास गोड लागत नव्हता. दाजी नेमबाज होते, पण त्यांचं धनुष्य मोडलेलं. म्हणून बायजाचा निरोप आला, की आबांचं धनुष्य आणि बारा बाण पाठवा, अमावास्येला डुक्कर उठवायचंय. अमावास्येला तीन दिवस उरले होते.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आईचे गुडघे धरले होते. तिनं खुंटीवरचं धनुष्य काढून गेणूच्या हातात दिलं. म्हणाली, "नीट धरून जा बाबा. आणि नाक्यावर साहेब सांगतील तसं कर."

धनुष्य नीट धरायची एकच रीत आबांनी शिकवली होती. गेणूनं दोरी चढवली, बाण लावला, कानापर्यंत ओढला आणि निघाला. तसाच नाक्यावर पोचला. दोघे शिपाई खाटेखाली गेले. नाकेदार म्हातारा आणि सोशीक होता. तो भिंतीआडूनच बोलला.

"अरे, असं नसतं आणायचं. दोरी काढायची, टोकाला फडकं बांधायचं आणि दोन्ही हात वर करून यायचं. जा, उद्या ये."

"बरं साहेब," गेणू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईनं बायजाच्या पोरांना दूध होईल म्हणून एक शेळीही बरोबर दिली. गेणूनं शेळीकडे निरखून पाहिलं. दोरी होती. टोकंही होती, चांगली दोन. त्यानं दोरी काढली, शिंगांना फडकी बांधली आणि दोन्ही हात वर करून चालू लागला. हात वर असल्यामुळे धनुष्य घरीच राहिलं. शेळी वेशीपर्यंत बरोबर होती, मग ती कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली.

नाकेदारानं विचारलं, आज काय आणलंस. गेणू म्हणाला, शेळी. नाकेदारानं गेणूच्या मागं पाहिलं, पुढं पाहिलं, खाटेखालीही पाहिलं.

"शेळी अशी नसते रे आणायची. गळ्यात दोरी बांधायची, आपण पुढं व्हायचं, ओढत आणायची. वाटेत पाणी दाखवायचं. जा, उद्या ये."

"बरं साहेब."

तिसऱ्या दिवशी शेळी काही सापडली नाही. मग गेणूनं धनुष्यालाच मधोमध दोरी बांधली आणि ओढत निघाला. बाणांचा गठ्ठा काखेत होता. वाटेत हौद लागला. धनुष्य पाणी पीत नव्हतं. उन्हाचं आणलंय, तहान तर लागलीच असणार, म्हणून गेणूनं ते बराच वेळ बुडवून धरलं. नंतर मूठभर गवतही पुढं टाकलं.

नाकेदारानं ते ओलंचिंब धनुष्य पाहिलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि डुकराची हकिकत आता त्यालाही पाठ झाली होती. आज ह्याला पलीकडे धाडायचंच, असं त्यानं ठरवलं. त्यानं सांगितलं, जवळ जे जे असेल ते सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही.

गेणू सांगू लागला. एक धनुष्य. बारा बाण. दोन भाकरी, एक कांदा. धोतराला एक भोक. पाठीवर एक गळू, अजून पिकलेलं नाही. आणि आई काल नाकेदाराला बिनदाताचा लांडगा म्हणाली होती, तेही त्यानं लपवलं नाही.

शिपाई हसायला लागले. नाकेदारानं तोंड मिटून घेतलं. मग गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाण सोड. मोजू दे."

गेणूनं दोरी चढवली आणि बाण सोडला. ओल्या दोरीवरून तो हेलपाटत नाकेदाराच्या पागोट्यावरून गेला आणि पाण्याच्या माठात शिरला. माठ फुटला.

"हे काय केलंस?"

"सोडला की. अजून अकरा आहेत."

नाकेदारानं खापऱ्यांतून बाण काढून आणला आणि गठ्ठा स्वतःच सोडून बारा मोजले. त्यानं गेणूला समोर बसवून सावकाश बजावलं.

"नीट ऐक. या नाक्यावरून जे पलीकडे नेलं, ते काम झालं की परत आणायचं. एक कमी चालणार नाही. एक जास्त झालं तर जप्त होईल. कळलं?"

"बरं साहेब."

दाजींनी चुलीपाशी ठेवून दोरी वाळवली. अमावास्येला सकाळी गावानं हाकारे घातले, डुक्कर मक्यातून उठलं आणि दाजींच्या पहिल्याच बाणात आडवं झालं. अर्धा मका वाचला. बायजा आधी रडली, मग हसली, मग तिनं पुरण घातलं.

गेणूनं डुकरातला बाण काढून धुतला. बारा भरले. धनुष्य एक. तो निवांत जेवायला बसला. पण पोळी वाढायला बायजा वाकली आणि गेणूचा घास हातातच राहिला. त्याला एकदम काहीतरी आठवलं होतं.

"अक्का, बोचकं बांध. तुला परत न्यायचंय."

नाक्याच्या कटकटीपायी सात वर्षांत बायजा माहेरी गेली नव्हती. भावाला आपली आठवण झाली, म्हणून तिचे डोळे भरून आले. तिनं दोन्ही पोरांना नवे कपडे घातले आणि निघाली. दाजी पोचवायला ओढ्यापर्यंत आले. त्यांच्यामागं निम्मं गाव आलं.

नाक्यावर गेणूनं धनुष्य ठेवलं, बारा बाण ठेवले आणि बहिणीला पुढं केलं.

"ही कोण?" नाकेदारानं विचारलं.

"बहीण, साहेब. सात वर्षांपूर्वी लग्नात वाजतगाजत इथूनच पलीकडे नेली होती. परत आणायची राहून गेली. आईच्या ध्यानात नव्हतं." त्यानं दोन्ही पोरं उचलून नाकेदाराच्या मांडीवर बसवली. "एक नेली होती, तीन भरतायत. ही दोन जास्तीची. जप्त करा."

बायजानं कपाळाला हात लावला. धाकट्यानं नाकेदाराची मिशी धरली. नाकेदार कळवळून म्हणाला, "गेण्या, आता मात्र हद्द झाली."

गेणूचा चेहरा उजळला. या हद्दीपायी त्यानं चार दिवस खेटे घातले होते. तो धावत ओढ्याशी गेला आणि पलीकडच्या काठाला हाक मारून म्हणाला,

"दाजी, हद्द झाली. आता कुणी अडवत नाही. सगळे या."

आणि निम्मं गाव धोतरं वर धरून पाण्यात उतरलं.