रायवळाची मुळं

झाडं बोलत होती त्या काळी कोकणातल्या एका आंबराईत सुतारपक्षी वैद्यकी करायचा. कुणाची मुळं कुजली, की तो कोवळ्या रोपाची मुळं त्याच्या बुंध्याला जोडायचा. बांधावर आपसूक उगवलेला रायवळ आंबा कुजल्या मुळांनी कधीचा खोळंबला होता, तरी वैद्य रोप घेऊन निघाला तो कालच आजारी पडलेल्या हापूसकडे.

“वैद्यबुवा, आधी नंबर माझा!” रायवळ गरजला.

“पेटीत जाणारा आंबा आधी. तुझ्या कोयी तर पोरं चोखून फेकतात.”

“फेकू देत. तुमच्या चोचीतलं रोप अशाच कोयीतून उगवलंय. त्या हापूसचं कलमही रायवळाच्याच मुळांवर बांधलंय. आम्ही संपलो, तर उद्या मुळं कुठून आणाल?”

हापूसच म्हणाला, “बुवा, आधी त्याच्याकडे जा. आजवर मी उभा आहे, तो त्याच्याच पायांवर.”