दिवाणांची सुरई

"पण त्यांना भीती तरी कसली वाटते, बाबा? एवढंच सांगा."

जनकोजी दिवाणांनी हा प्रश्न घाट चढताना घोकला असावा. कारण बसायच्या आधीच विचारला.

जंगूशा फकीर घाटमाथ्यावरच्या आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, ओट्यावर घोंगडीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"वेळण्याच्या लोकांना. दुसऱ्या कुणाला?"

वेळणा हे घाटाखालचं, समुद्रकाठचं लहानसं राज्य. मासळी, मिठागरं आणि भरभराटीचं बंदर. उपाशी झोपणारं घर शोधून सापडायचं नाही. घाटावरच्या सात राज्यांनी मिळून एक संघ केला होता. सातांचा एक कायदा, एक नाणं, एक दरबार. आठवं राज्य म्हणून वेळण्याला दोनदा आवतण आलं. राजाने दोनदा लोकांचा कौल घेतला. लोकांनी दोनदा नाही म्हटलं.

उद्या तिसरा कौल होता. या खेपेलाही नकार आला तर पागोटं उतरवून ठेवीन, दिवाणगिरी सोडीन, असं जनकोजी वेळण्याच्या भर दरबारात बोलून बसले होते. बोलताना फार बरं वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

"तुम्ही लोकांचे कान भरता, असं म्हणतात," दिवाण म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"...मी म्हणतो."

बाबा हसले. याच ओट्यावर त्यांनी जनकोजींना लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवली होती.

"माझं कुणी ऐकत असतं ना जनू, तर लोकांनी आधी तंबाखू सोडली असती."

"मग ते नाही का म्हणतात?"

"तुला काय वाटतं?"

दिवाण याचीच वाट पाहत होते. ते ओट्यावर बसले आणि बोटं दुमडू लागले.

"आपलं मीठ घाटावर विकायचं, तर गोणी त्यांच्या मापाची लागते. मासळीची टोपली त्यांच्या मापाची. जकात ते सांगतील ती. नियम त्यांनी करायचे आणि आपण निमूट पाळायचे. आत गेलो तर निदान नियम करताना आपला माणूस तिथे बसेल. हे खोटं आहे?"

"खरं आहे."

"मग?"

"मग काय? खरं आहे म्हटलं."

दिवाणांना घाम फुटला. ऊन होतंच, पण तेवढ्याने नव्हे. वाद घालणाऱ्याला हरवता येतं. मान डोलावणाऱ्याचं काय करायचं?

"उद्या सकाळी कौलाच्या वेळी बंदरावर या," ते हळूच म्हणाले. "काही बोलू नका. नुसते माझ्या शेजारी उभे राहा."

"आधी पाणी पी," बाबा म्हणाले. "घाट चढून आलास."

तकियासमोर विहीर होती. वेळण्याची वाट आणि संघाची वाट तिथेच मिळायची, त्यामुळे दोन्हीकडचे वाटसरू तिथे थांबायचे. आणि त्या विहिरीची एक रीत होती. आपलं पाणी आपण काढायचं नाही. आपल्या आधी जो पाणी प्यायला, त्याने पोहरा ओढायचा आणि आपण ओंजळ धरायची. मग आपण आपल्या मागच्यासाठी ओढायचा. मागे कुणीच नसलं तर? बाबा म्हणायचे, थांबा, घाटातून कुणीतरी येतंच.

विहिरीवर वेळण्याची चांगुणा होती. मीठ विकून रिकामी झालेली पाटी उतरवून ती नुकतीच पाणी प्यायली होती. तेवढ्यात संघाच्या वाटेने एक धनगर मेंढरं घेऊन आला. चांगुणेने पोहरा सोडला, भरून ओढला आणि त्याच्या ओंजळीत धार धरली. धनगर पोटभर प्यायला. मिशा पुसून तिला म्हणाला, "लई गार हाय, बाय." "हाय ना," म्हणत ती हसली.

दिवाणांना राहवेना. ते उठून विहिरीपाशी गेले.

"बाई, तू वेळण्याची ना? मागच्या खेपेला काय कौल दिलास?"

चांगुणेने त्यांना पागोट्यापासून जोड्यांपर्यंत पाहून घेतलं.

"दिला."

"पण काय दिलास?"

"द्यायचा तो दिला."

"नाही म्हणालीस ना? मी रागावणार नाही. का म्हणालीस, तेवढं सांग."

"तुमी येवढ्या उन्हाचे घाट चढून इचारताव," चांगुणा पाटी उचलत म्हणाली, "म्हंजे त्यात कायतरी असनारच."

आणि ती चालू लागली. दोन वळणं उतरेपर्यंत तिने तीनदा मागे वळून पाहिलं. आपला माग कुणी काढत नाही ना, याची खात्री करत असावी.

"बघा!" दिवाण बाबांकडे वळले. "बघितलंत? तिच्या अंगावर या धनगराच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी. याला पाणी पाजते, याच्याशी हसून बोलते. पण याच्या संघाचं नाव काढलं की दार बंद! हा शुद्ध संशय आहे, बाबा. सुखाने माणूस संशयी होतो. आपलं भरलेलं घर, आणि जो तो चोर..."

ते तावातावाने बोलत होते, तोवर धनगराने पोहरा भरून वर काढला होता. आता दिवाणांची पाळी होती.

"घ्या की सरकार. धरा व्हंजळ."

दिवाणांनी पोहऱ्याकडे पाहिलं. मग धनगराच्या हातांकडे. मग परत पोहऱ्याकडे.

ते सोवळ्याओवळ्यातले नव्हते, हे सांगायला हवं. कुणाच्याही पंगतीला बसायचे, कुणाच्याही ताटातली भाकरी मोडून घ्यायचे. फक्त पाणी स्वतःचं. त्यांच्या आधीचे दिवाण शेजारच्या दरबारात सरबत पिऊन आले आणि आठवडाभरात गेले. सरबताने गेले की वयाने, ते कुणालाच कळलं नाही. पण दुधाने तोंड पोळलं एकाचं आणि ताक फुंकत राहिले दुसरे. तेव्हापासून जनकोजी जिथे जात तिथे सुरई बरोबर असे, घरून भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली.

"असू दे," दिवाण म्हणाले. "माझ्याकडे आहे."

त्यांनी फडकं सोडलं आणि सुरई तोंडाला लावली.

धनगर भरला पोहरा धरून तसाच उभा राहिला. त्याला राग आला नाही, पण काय करावं हे कळेना. शेवटी त्याने ते पाणी मेंढरांच्या डोणीत ओतलं आणि जरा लांब, बाभळीखाली जाऊन बसला.

बाबांनी दोरा दाताने तोडला.

"तहान लागली होती ना?"

"लागली होती."

"त्या माणसावर राग आहे तुझा?"

"छे! भला माणूस दिसतो."

"मग विहिरीत खोट आहे?"

"नाही. लहानपणी इथलंच तर पीत होतो."

"मग?"

"सांगितलं ना बाबा... माझ्याकडे आहे."

बाबांनी सुई घोंगडीत खोचून ठेवली.

आपलंच वाक्य दिवाणांना पुन्हा ऐकू आलं असावं, कारण त्यांचा हात सुरईवरून हळूहळू खाली आला. मेंढरं डोणीत तोंड घालून पाणी पीत होती.

ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडेही त्यांचं आहे, एवढंच? लोकांचंच बरोबर आहे?"

"असं मी म्हटलं?"

"मग माझं बरोबर आहे?"

"तेही नाही म्हटलं."

"मग उद्या मी त्यांना काय सांगू?" दिवाणांनी विचारलं. त्यांना खरंच रडू येत होतं. "पागोटं जाईल माझं, बाबा. आणि ते गेलं तरी चालेल, पण... मला वाटलं होतं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं."

बाबा उठले. त्यांनी दिवाणांच्या हातातली सुरई घेतली, कानाशी धरली आणि हलवून पाहिली. आतलं पाणी खळखळलं. भरल्या सुरईला असा आवाज नसतो.

"तुझं घर चांगलं आहे, जनू. पाणीही चांगलं असेल." त्यांनी फडकं नीट बांधून सुरई परत दिली. "उतर आता. अंधाराच्या आत पोचशील."

दिवाण पाया पडले. उठले. काहीतरी राहिलं असं वाटून घुटमळले.

"तुम्ही उद्या येणार नाही ना?"

"नाही."

"मग जाऊ?"

बाबांनी बाभळीखाली बसलेल्या धनगराकडे पाहिलं.

"त्या माणसाचं नाव विचारलंस?"

"...नाही."

"विचारून ठेव. सुरई संपते."