एका ठशाचं मडकं

वेलींच्या त्या मुलखात मुळाला गाठ आली की वेल मरायची, नाहीतर कढत पाण्यानं वाचायची. तिसरी वाट नव्हती. पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे; चुना अन् कडू पाला घालून वैद्य कढवून देई ते. आठ पाळ्या द्यायच्या. गाठ जळायची. आणखीही काही जळायचं, पण त्याबद्दल बोलायची तिथं चाल नव्हती.

घोसाळी कोवळी वेल. अजून मांडव मिळाला नव्हता. आई लवकर वाळली, म्हणून बांधावरच्या कारली मावशीनं तिला वाढवलेलं. एका सकाळी वाफ्यात पाणी भरलेलं असूनही घोसाळीच्या पानांनी माना टाकल्या. मुंगूस वैद्याला बोलावणं गेलं. त्यानं माती उकरली, मुळं हुंगत गेला अन् एका जागी थांबला. तो थांबला तिथंच घोसाळीचं देठ गार पडलं.

"गाठ आहे," वैद्य म्हणाला. "पाणी मूळ वाचवील. बाकीचं पाण्याला कळत नाही."

"बाकीचं म्हणजे?"

वैद्य मिशा पुसू लागला. शेजारच्या वेलींनी पानं वळवली. कारली तेवढी दटावून बोलली, "गप बैस! मांडवावर चढली नाही अन् कळ्यांची गोष्ट काढते. आधी जगून दाखव."

कळ्यांचं नाव घोसाळीनं काढलंच नव्हतं.

मग तिला उमगलं. गाठीचं भय एका जागी होतं, मुळाशी. हे भय पेरापेरांत शिरलं. आत मिटलेल्या कळ्यांचा तिनं कधी विचारच केला नव्हता. करतं कोण? असतात म्हणून असतात.

"मावशे, खरं सांग."

कारली तिच्याकडे न बघता बोलली. "मी घेतल्यात आठ पाळ्या. तुझ्याएवढीच होते. जगले. पुढं मांडवही मिळाला, चांगला बांबूचा. दर पावसाळ्यात पिवळी धम्मक फुलले. सगळी नर फुलं. पोकळ. एक फळ धरलं नाही. लोक म्हणतात कारली कडू. मग काय साखर व्हायची होती?" ती घोसाळीकडे वळली. "मला कुणी विचारलं नव्हतं. अन् मी तुझं तेच करायला निघाले. जळो माझी जीभ."

तिनं वैद्याला परत बोलावून घेतलं. "आधी का नाही बोललास?"

"कुणी विचारलं नाही."

"ठाऊक असल्याशिवाय पोर विचारील कशी? देवानं तुला शेपूट दिलं गोंडेदार, अक्कल द्यायची राहिली."

वैद्यानं ऐकून घेतलं. मग सरळ सांगितलं. मिटलेल्या कळ्या खुडून काळ्या दगडाखालच्या तळघरात ठेवता येतात. तिथं बर्फाची थंडी असते. कळ्या मरत नाहीत, झोपतात. सगळ्या पुन्हा जाग्या होतील याचा भरवसा नाही. म्हणून पुष्कळ कळ्या हव्यात, आणि त्या एकदम भरायच्या तर कडक खत घालावं लागेल.

"खत गाठीला पोचलं तर?" घोसाळीनं विचारलं.

"ते खाली उतरलं की नाही, मी रोज हुंगून बघीन. याहून जास्त माझ्या हातात नाही."

"थांबता किती येईल?"

"बारा दिवस. तेरावा नाही."

तेराव्याचं नाव निघालं तशी शेजारची काकडी ‘शिव शिव’ पुटपुटली.

ते बारा दिवस घोसाळीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. खतानं अंग फुगलं, पेरं ठणकू लागली. प्रत्येक ठणक्याला तिला वाटे, ही कळी भरतेय की गाठ? वैद्य यायचा, हुंगायचा, मान हलवायचा. ती मान कोणत्या बाजूला हलते इकडे तिचे प्राण. बाराव्या दिवशी त्यानं बाभळीच्या काट्यानं कळ्या उतरवल्या. अकरा निघाल्या. ओल्या पानात गुंडाळून तो बांधाजवळच्या काळ्या दगडापाशी गेला. तळघर राखणारी डोंगळी मुंगी दारात आली.

"ठसे आणा," ती म्हणाली.

कळ्या मडक्यात ठेवून त्याचं तोंड ओल्या मातीनं लिंपून तिच्यावर दोन ठसे घ्यायचे, एक वेलीच्या पानाचा, एक मांडवाच्या बांबूचा, अशी तिथली रीत.

"मांडव नाही अजून," वैद्य म्हणाला.

"मग मडकंही नाही."

पानातल्या कळ्यांच्या कडा मऊ पडू लागल्या होत्या. कारली दगडावर लोंबत आली. "आत्ता मांडव कुठून आणू? बांबूच्या बनात दवंडी पिटू?"

"रीत आहे, कारलेबाई."

"कुणी घातली?"

"पूर्वीच्यांनी."

"कुठंयत ते?"

"मेले."

"मग त्यांना कळायचं नाही. घे मडकं!"

"अर्धी माती कोरी राहील," डोंगळी अडून बसली.

घोसाळीचा वाफा दगडाला लागूनच होता. तिथून ती बोलली. "राहू दे कोरी. कळ्या माझ्या पेरांतून निघाल्यात. मांडवाच्या नाही." आणि सगळ्यांत धड उरलेलं एक पान तिनं पुढं केलं.

डोंगळीनं पानाकडं पाहिलं, कळ्यांकडं पाहिलं. मुंगीला रीत कळते तसं कोमेजणंही कळतं. तिनं कळ्या मडक्यात घालून तोंड लिंपलं, पान मातीवर दाबून घेतलं, मडकं उचललं अन् आत गेली.

तेराव्या दिवशी उजाडताच पाटातल्या कढत पाण्यातून वाफ निघू लागली. कारलीनं आपला तणावा घोसाळीच्या देठाला तिढे देऊन बांधला. पाणी मुळाला लागलं. घोसाळी ओरडली, मग ओरडायचीही थांबली, आणि तिचं पहिलं पान गळून पाटात वाहत गेलं.

पाणी मुरत राहिलं. मुळांखालची माती ओलांडून ते दगडाच्या भेगेपर्यंत उतरलं. तळघराच्या छताला एक थेंब आला, चुन्यानं पांढुरका, वाफाळता. त्याच्या बरोबर खाली अर्ध्या कोऱ्या मातीचं मडकं. डोंगळी त्या मडक्यावर चढली, थेंब अंगावर झेलायला सहाही पाय फाकून उभी राहिली, वर बघत. थेंब फुगला. लांबला. त्याची वाफ थांबली, कडा पांढरी झाली, आणि तो लोंबत होता तिथंच गोठला.

डोंगळी हलली नाही. त्याच्यामागं दुसरा थेंब धरू लागला होता.