जाते आणि येते

त्या मुलखात तांब्याचा एकच रस्ता होता आणि त्यावरून फक्त पुढे जायचं, असा कायदा होता. मुलूख मुंग्यांचा. रस्त्याच्या एका टोकाला तापलेला डोंगर, दुसऱ्या टोकाला काचघर. डोंगरावरचा ऊन खडा पाठीवर घ्यायचा, काचघरात नेऊन ठेवायचा आणि वळसा घालून पुन्हा डोंगराकडे निघायचं, यातच एकेकीचा जन्म सरायचा. पावलागणिक सगळ्यांनी ‘जाते’ म्हणायचं. ‘येते’ हा शब्द तिथे शिवीसारखा मानत, कारण त्यात मागे फिरणं आलं.

ठकू नावाच्या मुंगीने तो शब्द एकदा उच्चारला होता. धान्याची कोठी भरायची होती, तेव्हा ती म्हणाली, एवढं चालायचं कशाला? सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहून ‘जाते’ म्हणत एक पाऊल पुढे रेटावं, ‘येते’ म्हणत एक मागे घ्यावं, रेटा आपोआप पोचेल. सुभानजी मुकादमाने तेवढ्यापुरती मुभा दिली आणि गंमत बघत उभा राहिला. पुढच्या पावलाला कोठीत जेवढं पडे, मागच्या पावलाला तेवढंच बाहेर येई. दिवसभर घाम गाळून कोठी रिकामी ती रिकामीच. तेव्हापासून तिला सगळे ‘येतेबाई’ म्हणू लागले. ती बिचारी खाली मान घालून खडे वाहू लागली.

यंदा मुलूख वाढला आणि काचघर पार लांब हलवलं गेलं. आत अंडी होती, त्यांत ठकूच्या बहिणीचीही. बहीण उन्हाळ्यात वारली होती. तिच्यामागे एवढंच उरलं होतं. पण एवढ्या लांबून आणलेला खडा पोचेपर्यंत गार होई, त्याची सगळी ऊब वाटेतच सांडे. अंडी पांढुरकी पडली. दाईने एकेक हाताळून पाहिलं आणि सांगितलं की आज सूर्य मावळेपर्यंत ऊब मिळाली नाही, तर एकही फुटायचं नाही.

सुभानजीने वाहणाऱ्यांची संख्या दुप्पट केली. तेवढ्याने रस्ता तापला. मग चौपट केली, तर तांबं असं भाजू लागलं की पाय टेकवेना. कितीतरी जणी चालता चालता कोसळल्या आणि मागच्या त्यांना ओलांडून ‘जाते, जाते’ म्हणत पुढे गेल्या. काचघरात मात्र गार दगडांचा ढीग वाढत होता. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. ठकू काचघराच्या तोंडाशी पोचली. तिने पाठीवरचा खडा खाली ठेवला आणि ती मुकादमाच्या वाटेत आडवी उभी राहिली.

“मुकादम, खडे खाली ठेवायला सांगा.”

“आणि मग?”

“मग कुणी कुठे जायचं नाही.”

सुभानजीने तिला कोठीच्या फजितीची आठवण करून दिली. ठकूने ती नाकारली नाही.

“कोठी भरायची असती तर तुमचंच ऐकून चालत राहिले असते. आता काही भरायचं नाहीये, ऊब द्यायचीय. ताक घुसळताना दोरी कुठे जाते, मुकादम? पण लोणी येतंच ना?”

सुभानजीने खडे खाली ठेवायला लावले. अडचण एकच होती. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज त्या मुलखात त्याचाच होता, म्हणजे तो शब्द त्यालाच उच्चारावा लागणार होता. त्याने अंड्यांकडे पाहिलं, रस्त्यात पडलेल्या मुंग्यांकडे पाहिलं. घसा खाकरून तो ‘जाते’ म्हणाला, मग मान फिरवून, अगदी जिवावर आल्यासारखा, ‘येते’ म्हणाला.

रांग बिचकली. कुणी पुढे गेली, कुणी मागे, आपटाआपटी झाली. त्याने पुन्हा हाक दिली, या वेळी मान न फिरवता. हळूहळू पावलं जुळली. रेटा असा जबर बसू लागला की कडेच्या एका किड्याने रस्त्याला नुसता पाय लावला आणि तो पार लांब फेकला गेला. तरी काचघरात अजून अंधार आणि गारठाच होता. सूर्याची किनार तेवढी उरली होती. ठकू काचघराच्या तोंडाशीच उभी होती. तिचे पाय भरून आले, पण तिने आत पाहायचं टाळलं. हाका जलद झाल्या, मग इतक्या जलद की दोन शब्द वेगळे ऐकू येईनात, सगळ्या रस्त्यावर एकच गुणगुण भरून राहिली. आत जिथे रस्ता केसाएवढा बारीक होऊन वेटोळी घेत होता, तिथल्या मुंग्या अंगाला अंग घासू लागल्या. वाट आधी लालसर झाली, मग पिवळी.

पहिलं अंडं तडकलं ते बहिणीचं. मग बाकीची फुटत गेली. एवढ्या लांबून ऊब घेऊन कोण आलं, हे बघायला पिल्लं धडपडत दाराशी आली. डोंगरापर्यंत रस्ता गच्च भरलेला होता, पाठी सगळ्यांच्या रिकाम्या होत्या, कुणीही आपली जागा सोडली नव्हती, आणि पिल्लांच्या मागे काचघरात ती केसाएवढी वाट पांढरीशुभ्र पेटली होती.