बुवांचा गातानाचा फोटो

कॅमेऱ्यात रीळ घालावं लागायचं त्या काळातली ही गोष्ट. मिरजेच्या रमजानभाई फोटोग्राफरच्या बॅगेत दोन जपानी कॅमेरे शेजारी राहायचे. मोठ्याच्या दिमतीला तीन भिंगं होती. धाकट्याचं एकच, अंगालाच जडवलेलं.

"तुझं भिंग बदलतासुद्धा येत नाही," मोठा हसायचा.

"मला बदलावं लागत नाही, दादा," धाकटा म्हणायचा.

एकदा थकलेले तात्याबुवा आपली शेवटची मैफल गायला बसले. त्यांचा गातानाचा एकही फोटो नव्हता. मोठा खटाक्‌ करून वाजला आणि बुवा थांबले.

"पुन्हा आवाज आला तर मी उठेन," ते म्हणाले.

रमजानभाईंनी मोठ्याला बॅगेत ठेवलं, धाकट्याला काढलं आणि ते तंबोऱ्याशेजारी सरकून बसले. बुवांनी डोळे मिटून वरचा सा लावला. पापणी लवावी इतक्या हलकेच धाकट्याने तो टिपला. कुणाची मानसुद्धा वळली नाही.

गाणं संपल्यावर बुवा ओशाळून म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा फोटो राहिला."

"निघाला, बुवा. गातानाच निघाला."

बॅगेत मोठ्याने हळूच विचारलं, "कधी रे?"

धाकटा ऐटीत म्हणाला, "तुम्ही सगळे गाणं ऐकत होतात तेव्हा."