चांदी शेळीचं गाणं

बकुळला वाटलं होतं, परी म्हणजे उंच, झगमगती, सोन्याचा मुकुट घातलेली राणी असेल. पण बागेतल्या कोळ्याच्या जाळ्यातून तिनं अलगद सोडवलेली परी होती बोटाच्या पेराएवढी. अंगभर पिवळे पराग माखलेली, आणि सारखी शिंकणारी!

"सोडवलंस मला. आता एक इच्छा माग," परी नाक पुसत म्हणाली.

बकुळची आई आजारी होती. घर चालायचं ते चांदी शेळीच्या दुधावर. पण बकुळच्या मनात सलत होती नीलाक्षी. उद्या वसंतोत्सवात मुलं आपापल्या कविता म्हणणार होती. नीलाक्षीच्या कविता चांदण्यासारख्या लखलखीत. बकुळला जमायची ती धार काढताना म्हणायची शेळीची गाणी. मुलं चिडवायची, "तुझी कविता चांदीलाच ऐकव हो!"

"मला नीलाक्षीच्या कविता दे," बकुळ म्हणाली.

"देते. पण त्या आल्या की तुझ्या जातील. उद्या सूर्य वर येईपर्यंत परत करता येतील, नंतर नाही."

निळ्या ठिणग्या भिरभिरल्या. बकुळच्या ओठांवर मोठमोठे, चमचमते शब्द आले. संध्याकाळी ती ऐटीत धार काढायला बसली.

"हे नभांगणीच्या रजतराजसा..."

चांदीनं कान टवकारले, बकुळकडे पाहिलं आणि तांब्या लाथाडला. दुधाचा थेंब नाही! जुनं गाणं काही केल्या आठवेना. आई उपाशीच पडून होती.

शेजारी दूध मागायला निघालेल्या बकुळला वाटेत नीलाक्षी तिच्या घराच्या पायरीवर बसलेली दिसली. पुढ्यात कोरी पाटी, डोळ्यांत पाणी. "एकही ओळ सुचत नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या गाण्यावर चांदी मान डोलवते ना, तसं माझ्या कवितेवर कुणी डोललं नाही कधी. आता तर कविताच गेली."

बकुळ रिकामा तांब्या घेऊन तशीच घरी परतली.

पहाट केशरी होताच ती बागेत धावली. "तिचं तिला दे. मला माझं पुरे."

परी हसली. पराग सोनेरी झाले, पंख सप्तरंगी झाले आणि कोवळ्या उन्हात ती विरघळून गेली. गोठ्यात बकुळच्या तोंडून आपसूक गाणं फुटलं:

"ये गं चांदे, खा गं पाला,
चार थेंब दे तांब्याला,
आईला थोडं, मला थोडं,
उरलं ते तुझ्या बाळाला."

तांब्या भरला, कळशी भरली, तरी धार थांबेना. आई पोटभर दूध पिऊन उठून बसली. बकुळनं चांदीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. आज उत्सवात ती हेच गाणं म्हणणार होती, आणि डोलायला चांदीलाही नेणार होती.