ओगलेसाहेबांच्या लेकीची पत्रिका

सॉफ्टवेअर कंपनीचे मालक ओगलेसाहेब, कामात काय हवं ते कधी लिहून देत नसत. "लिहिण्यात वेळ जातो. मी सांगतो, तुम्ही बनवा!" मग काय, दूधसंघाच्या सॉफ्टवेअरचं काम कंपनीतल्या तिघांनी तीन तऱ्हांनी केलं आणि संघाने ते परत पाठवलं. साहेब कडाडले, "तिघांनाही काढून टाकतो!"

तेवढ्यात साहेबांच्या लेकीच्या लग्नपत्रिका छापून आल्या. तिघांची प्रमुख शर्वरी मोठी धीराची. म्हणाली, "साहेब, छापल्या कशाला? तोंडी सांगायचं की!"

"वेडी आहेस का? कुणी भलत्याच दिवशी येईल, कुणी भलत्याच कार्यालयात जाऊन बसेल!"

"तेच झालं, साहेब. ही तिघं तीन मांडवांत अक्षता टाकून आलीत. यांना पत्रिकाच नव्हती."

साहेब कोरा कागद पुढे ओढत म्हणाले, "बरं, सांग. दूधसंघाच्या पत्रिकेत मुहूर्त कधीचा लिहू?"